जंजिऱ्याला शिड्या लावणारा कोळी

फोनवर नकाशा उघडा आणि आगरदांडा शोधा. राजपुरी खाडीच्या एका काठाला आगरदांडा, समोर दिघी. खाडीच्या तोंडाशी जंजिरा आणि थोडं पुढे समुद्रात महाराजांचा पद्मदुर्ग.

जंजिरा म्हटलं की आपण तोफा मोजतो. पण सिद्दीच्या आधी इथे राम पाटील या कोळ्याचा लाकडी मेढेकोट होता. चाच्यांपासून बचाव करायला तो मासेमारी करणाऱ्यांनीच उभारला, असं सांगतात.

पुढे 1676 च्या सुमारास मोरोपंत पिंगळ्यांची मोहीम निघाली. लाय पाटील या कोळ्याने रात्री होडीतून जाऊन तटाला शिड्या लावल्या. फौज वेळेत पोचलीच नाही, डाव फसला. तरी महाराजांनी त्याला पालखी देऊ केली. दर्यावर फिरणाऱ्याला पालखी कशाला, असं तो म्हणाला. म्हणून त्याला ‘पालखी’ नावाचं गलबत मिळालं, अशी गोष्ट आहे.

आता विचार करा, काळोखात तिथवर तो पोचला कसा? अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, ओहोटीला उघडे पडणारे खडक. हे सगळं जाळं टाकता टाकताच कळतं.

आजही मे महिन्यात इथल्या होड्या याच हिशोबाने निघतात, कारण 1 जूनपासून 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर 2017 पासून बंदी आहे. दिव्याला भरती-ओहोटी कळावी लागत नाही. तो लहानमोठी सगळीच मासळी ओढतो. मग लाय पाटलाची विद्या शिकणार कोण?