शिकाऱ्याची दुर्बीण

आमच्या नारपोलीच्या घरात माळ्यावर चामड्याची एक जुनी पेटी आहे. दिवाळीच्या साफसफाईला ती दरवर्षी खाली येते, तिच्यावरची धूळ झटकली जाते आणि लक्ष्मीपूजनाच्या आत ती पुन्हा माळ्यावर जाते. तिच्यात आजोबांची दुर्बीण आहे. काळ्या रंगाचे कवडे उडालेले आहेत, खाली पिवळे पितळ दिसते. एका नळीवर ‘६×३०’ असे कोरलेले असून शेजारी एक लहानसा बाण आहे. लहानपणी मला वाटे, की शिकार कोणत्या दिशेला आहे हे तो बाण दाखवीत असावा! तो ब्रिटिश सरकारच्या मालकीचा शिक्का आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचा जो जुना माल बाजारात आला, त्यातलीच ही दुर्बीण. आजोबांनी ती मुंबईच्या चोरबाजारातून आणली होती.

यंदा या पेटीची आठवण निराळ्या कारणाने झाली. आमच्या शाळेच्या निसर्गमंडळाच्या मुलांनी आकाशकंदील करून विकले आणि सात हजार चारशे रुपये जमविले. त्यातून एक चांगली दुर्बीण घ्यावी, असे मुलांच्या मनात आले. सभेत एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, दुर्बीण म्हणजे शिकाऱ्याचे सामान. ते शाळेत कशाला? त्यापेक्षा क्रिकेटचा संच घ्या.” मला तेव्हा चटकन उत्तर सुचले नाही. मी पडलो मॅट्रिक झालेला, कथा-कादंबऱ्या लिहिणारा मास्तर. भिंगांचे शास्त्र मला कोण शिकविणार? पण प्रश्न मनात राहिला. मग वाचत गेलो, विचारीत गेलो आणि जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

‘दुर्बीण’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. ‘दूर’ म्हणजे लांब आणि ‘बीन’ म्हणजे पाहणारा. वस्तू मात्र हॉलंडची. १६०८ साली मिडलबर्ग गावच्या हान्स लिपरहे नावाच्या चष्मेवाल्याने आपल्या दूरदर्शक नळीसाठी सरकारकडे हक्क मागितला. सरकारने त्याला उलट सांगितले, की दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल अशी नळी करून दाखव! म्हणजे जोड-दुर्बिणीची कल्पना एकनळीइतकीच जुनी आहे. लिपरहेने तशी करूनही दिली. पण ही युक्ती आणखी काही जणांना ठाऊक आहे, असे सांगून सरकारने त्याला हक्क नाकारला. पुढच्याच वर्षी इटलीत गॅलिलिओने स्वतःची नळी तयार केली आणि १६१०च्या जानेवारीत तिच्यातून गुरूचे चंद्र पाहिले.

गॅलिलिओच्या नळीत चित्र सुलट दिसे, पण दृश्याचा घेर फारच लहान. जणू किल्लीच्या भोकातून पाहावे तसे. केप्लरने १६११ साली दोन्हीकडे फुगीर भिंगे बसविण्याची रीत सांगितली. तिने घेर वाढला, पण चित्र उलटे झाले. आकाशातल्या ताऱ्याला उलटेसुलटे काय? पण डोक्यावर चालणारे हरीण पाहून शिकारी काय करणार! यावर तोड निघाली १८५४ साली. पोरो नावाच्या इटालियन संशोधकाने काचेच्या लोलकांतून प्रकाश वळवून चित्र सुलट केले, शिवाय लांब नळी आखूड झाली. पण त्या कामाला लागणारी निर्मळ काच तेव्हा मिळत नसे. ती जर्मनीत येना गावी शॉट यांच्या कारखान्यात होऊ लागली आणि आबे या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्सायस कंपनीने १८९४ साली लोलकांची जोड-दुर्बीण विक्रीस आणली. आजोबांची दुर्बीण याच घराण्यातली.

या दुर्बिणीचे पहिले मोठे गिऱ्हाईक म्हणजे सैनिक आणि शिकारी. दोघांचीही गरज एकच : आपण न दिसता दुसऱ्याला पाहणे. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा इंग्लंडच्या ध्यानात आले, की आपल्याकडची चांगली काच बहुतांशी जर्मनीतून येत होती! मग एके काळी हिंदुस्थानात सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांनी लोकांना आवाहन केले, की घरातल्या दुर्बिणी सैन्याला द्या. शर्यतींच्या आणि शिकारीच्या दुर्बिणी अशा रणांगणावर गेल्या. पुढे अमेरिकेच्या आरमारानेही तेच केले. तिथे फ्रँकलिन रूझवेल्ट हे तेव्हा आरमार खात्याचे उपमंत्री होते. फुकट घेण्यास कायद्याची आडकाठी म्हणून त्यांनी प्रत्येक दुर्बिणीमागे एक डॉलर भाडे दिले आणि युद्ध संपल्यावर पुष्कळशा ज्यांच्या त्यांना परत केल्या.

आता आपल्या मुलुखाकडे वळू. १८८३च्या सप्टेंबरात मुंबईत आठ निसर्गप्रेमी एकत्र आले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापली. त्यांत दोघे आपले होते : प्रार्थना समाजाचे डॉक्टर आत्माराम पांडुरंग आणि रखमाबाईंचे सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन. फिप्सन नावाच्या मद्यविक्रेत्याने फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानात संस्थेला जागा दिली. संस्थेचे कित्येक सभासद नामांकित शिकारी होते आणि तिच्या नियतकालिकात शिकारीच्या हकीकती छापून येत. आज हे वाचून नवल वाटेल; परंतु जनावराच्या सवयी, त्याचा माग, त्याची पाण्यावर येण्याची वेळ हे त्या काळी शिकाऱ्याइतके बारकाईने कोण पाहत होते?

सालिम अली यांचीच गोष्ट घ्या. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी मामांनी त्यांना सोसायटीच्या मिलर्ड साहेबांकडे पाठविले. साहेबांनी पेटाऱ्यांतून पेंढा भरलेले पक्षी काढून दाखविले आणि त्या मुलाच्या आयुष्याची दिशा ठरली. पुढे अभ्यासासाठी त्यांनाही पक्षी मारावे लागले. तथापि किहीमला सुगरणीचा संसार त्यांनी पाहिला तो घरट्यांजवळ दिवसच्या दिवस बसून. मेलेली सुगरण घर कसे बांधते हे कसे सांगेल? १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले आणि सामान्य माणसाला पक्षी न मारता ओळखता येऊ लागला.

कायदाही हळूहळू याच वाटेने आला. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. कोल्हापूरच्या महाराजांचे राखीव शिकारीचे रान असलेले दाजीपूर १९५८ साली गव्यांचे अभयारण्य झाले. शेवटी १९७२ साली साऱ्या देशासाठी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि हौसेची शिकार संपली. तोवर उशीर किती झाला होता, हे चित्त्याला विचारावे. पण विचारायला तो उरला होता कुठे?

आजोबा या दोन काळांच्या मधले. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. तानसाच्या बाजूच्या रानात (आज तिथे अभयारण्य आहे) ते दोघातिघांसह डुकराच्या मागे जात. दुर्बीण नवी होती तेव्हाची ही हकीकत. मला ती आजीने सांगितली. आजोबांनी कधीच नाही.

दिवस मावळत होता. पाणवठ्याच्या वरच्या अंगाला कारवी हलली. पानांतून काळपट पाठ दिसली, वाकलेली, हळूहळू सरकणारी. जोडीदार कानाशी लागला, “तात्या, डुक्कर. टाका बार!” बंदूक ठासलेली होती. पण आजोबांना नव्या दुर्बिणीचे अप्रूप. त्यांनी बंदूक मांडीवर ठेवली आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. वर्तुळात काळे कांबळे दिसले. त्याच्यावर लाकडाची मोळी. आणि कांबळ्याखाली दोन पावले, पावलांत वाळे.

बाई मोळी घेऊन खाली उतरली, पाणी प्याली आणि निघून गेली. आपल्याकडे कोणी पाहत होते, हे तिला कळलेसुद्धा नाही. आजोबा त्या रात्री जेवले नाहीत, एवढे आजीने पाहिले. त्यांनी शिकार सोडली म्हणावे तर तसे नाही. पुढेही काही वर्षे ते रानात जात. पण “आधी काच, मग बंदूक” असा नेम त्यांनी घालून घेतला आणि तो जोडीदारांनाही पाळायला लावला. कायदा झाल्यावर बंदूक गेली. दुर्बीण राहिली.

आता बाजाराची गोष्ट. हलकी घेतली तर पैसे फुकट जातात आणि भारी परवडत नाही. म्हणून मध्यम किमतीत पारख करावी लागते. चारपाच वर्षांपूर्वी मी एकदा फसलो आहे. एका जत्रेतल्या पालावरून लालभडक काचांची झगमगीत दुर्बीण घेतली. त्या काचा लाल उजेड बाहेर फेकत, त्यामुळे आतून सारे जग हिरवट दिसे. पोपट तर पोपट, पण बगळाही हिरवा!

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. ८×४२ म्हणजे वस्तू आठ पट जवळ दिसते आणि पुढचे भिंग बेचाळीस मिलिमीटर रुंद आहे. दुकानदार वीस पटीची दाखवून भुरळ घालतो. पण जितकी पट जास्त, तितकाच हाताचा कंपही जास्त. वीस पटीला खांब लागतो, हात पुरत नाही. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले, की डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी मिळते. ८×४२ला ती सव्वापाच मिलिमीटर येते, आजोबांच्या ६×३०ला पाच. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे सात मिलिमीटर उघडते, वय वाढते तशी कमी. म्हणूनच संध्याकाळी रानात बसणारे युरोपातले शिकारी ८×५६ची जड दुर्बीण वागवतात. शाळेतल्या मुलांच्या गळ्याला ते ओझे नको.

काचेवरचा लेप पाहावा. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर शंभरातला चारपाच भाग उजेड परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग झाले, की तिसरा हिस्सा वाटेतच गेला! १९३५ साली त्सायसच्या स्माकुला या शास्त्रज्ञाने पातळ लेपाची युक्ती काढली, तेव्हा ही गळती थांबू लागली. चांगल्या लेपात दिव्याचे प्रतिबिंब फिकट हिरवे-जांभळे दिसते, आरशासारखे पांढरे नव्हे. मग दुर्बीण हातभर लांब धरून मागच्या भिंगातली उजेडाची टिकली पाहावी. ती स्वच्छ गोल हवी. कडा कापल्यासारख्या दिसल्या, तर लोलकाची काच हलकी समजावी. देवळाच्या कळसाकडे पाहावे. कडेला निळी-तांबडी झालर फार दिसू नये. पाच मिनिटे पाहून डोके जड झाले, तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. चष्मेवाल्याने चष्म्यासकट पाहूनच घ्यावी. आणि आपल्या कोकणपट्टीत सर्वांत मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. म्हणून नायट्रोजन भरून बंद केलेली मिळाली तर उत्तम. आजोबांच्या दुर्बिणीत बुरशीने कोळ्याचे जाळे विणले आहे, ते आता निघत नाही. सूर्याकडे मात्र कोणत्याही दुर्बिणीतून कधीही पाहू नये. डोळा कायमचा जाईल.

या साऱ्या कसोट्या लावून आम्ही ८×४२ची एक साधी, काळी दुर्बीण घेतली. कंदिलांच्या पैशांत ती बसली आणि वर सत्तर रुपये उरले. त्यांचे मुलांनी पेढे आणले.

नारपोलीत पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. इकडे मागांची खटखट, तिकडे गोदामांचे पत्रे. पहिल्या दिवशी आम्ही शाळेच्या गच्चीवर गेलो. एका गोदामाच्या पत्र्यावर काहीतरी तपकिरी हलत होते. “फाटके पोते आहे,” एक मुलगा म्हणाला. दुसऱ्याने दुर्बीण लावली आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग हळूच म्हणाला, “गुरुजी, घार आहे. पिल्लाला भरवतेय.” सगळे रांगेत उभे राहिले. सभेतले ते वडीलधारे गृहस्थही गच्चीवर आले होते. त्यांची पाळी सर्वांत शेवटी आली आणि दुर्बीण सर्वांत जास्त वेळ त्यांच्याच हातात राहिली.

त्या संध्याकाळी मी पेटी पुन्हा माळ्यावर ठेवली नाही. ती आता शाळेच्या कपाटात, नव्या दुर्बिणीशेजारी आहे. तिच्यातून आता धड दिसत नाही. पण मोळीवाल्या बाईची गोष्ट सांगायची झाली, म्हणजे ती हातात लागतेच.