पोर्टस्मथ फुटबॉल क्लबचे आर्थिक संकट आणि समर्थकांची मालकी (२००९–२०१७)

पोर्टस्मथ फुटबॉल क्लबचे आर्थिक संकट म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टस्मथ शहरातील या क्लबवर २००९ नंतर कोसळलेली दिवाळखोरीची मालिका होय. या काळात क्लब दोन वेळा न्यायालयीन प्रशासकाच्या ताब्यात गेला, त्याचे मालक वारंवार बदलले आणि इंग्लिश फुटबॉलच्या पहिल्या श्रेणीतून तो चौथ्या श्रेणीत घसरला. एप्रिल २०१३ मध्ये समर्थकांनी भागभांडवल गोळा करून क्लब विकत घेतला. त्या वेळी समर्थकांच्या मालकीचा तो इंग्लंडमधील सर्वांत मोठा क्लब ठरला. ही मालकी ऑगस्ट २०१७ पर्यंत टिकली.

पार्श्वभूमी

पोर्टस्मथ हे पोर्टसी बेटावर वसलेले, ब्रिटिश नौदलाच्या गोदीभोवती वाढलेले शहर आहे. 'पॉम्पी' हे टोपणनाव शहराला आणि क्लबला सारखेच लावले जाते. १८९८ मध्ये स्थापन झालेला हा क्लब १८९९ पासून फ्रॅटन पार्क या एकाच मैदानावर खेळत आला आहे. १९३९ मध्ये त्याने एफए चषक जिंकला. लगेच महायुद्ध सुरू झाल्याने स्पर्धा बंद पडली आणि चषक सात वर्षे पोर्टस्मथकडेच राहिला. १९४९ आणि १९५० अशी लागोपाठ दोन वर्षे क्लबने इंग्लंडचे विजेतेपदही मिळवले. त्यानंतर मात्र उतरण लागली आणि १९७८ मध्ये क्लब चौथ्या श्रेणीत पोहोचला. शताब्दीच्या हंगामात, १९९८-९९ मध्ये, तो आधी एकदा प्रशासकाच्या हाती गेला होता. मिलान मँडारिक यांनी १९९९ मध्ये तो विकत घेऊन वाचवला. २००३ मध्ये क्लब प्रीमियर लीगमध्ये दाखल झाला.

२००६ मध्ये अलेक्झांडर गायदामाक यांच्याकडे मालकी आली आणि खर्चाचे प्रमाण बदलले. व्यवस्थापक हॅरी रेडनॅप यांच्या संघात डेव्हिड जेम्स, न्वांक्वो कानू, जर्मेन डिफो असे नामांकित खेळाडू होते. १७ मे २००८ रोजी वेम्बली येथे कानूच्या गोलवर कार्डिफ सिटीचा १–० असा पराभव करून क्लबने दुसऱ्यांदा एफए चषक जिंकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युएफा चषकाच्या सामन्यात एसी मिलानसारखा संघ फ्रॅटन पार्कवर आला आणि २–२ अशी बरोबरी साधून परतला. समर्थकांच्या एका पिढीने पाहिलेला हा सर्वोच्च काळ होता. तो उसन्या पैशावर उभा होता, हे बहुतेकांना नंतर कळले. जेमतेम २० हजार प्रेक्षक मावणाऱ्या जुन्या मैदानाच्या उत्पन्नातून अशा संघाचे पगार निघणे शक्यच नव्हते. ते मालकाच्या खिशावर आणि कर्जावर अवलंबून होते. गायदामाक यांनी हात आखडता घेताच विक्री सुरू झाली. जानेवारी २००९ मध्ये डिफो टॉटनहॅमला आणि लसाना दियारा रेआल माद्रिदला गेले. उन्हाळ्यात ग्लेन जॉन्सन आणि पीटर क्राउच यांचीही विक्री झाली.

एका हंगामात चार मालक

२००९-१० च्या हंगामात क्लबने चार मालक पाहिले. ऑगस्ट २००९ मध्ये गायदामाक यांनी क्लब सुलेमान अल-फहीम यांना विकला. सुमारे सहा आठवड्यांत, ऑक्टोबरमध्ये, त्यांच्याकडून तो अली अल-फराज यांच्याकडे गेला. फेब्रुवारी २०१० मध्ये हाँगकाँगस्थित व्यावसायिक बलराम चैनराय यांनी आपल्या थकीत कर्जापोटी क्लब ताब्यात घेतला. खेळाडूंचे पगार या काळात एकाहून अधिक वेळा रखडले. नवा मालक कोण, त्याचा पैसा कोठून येतो आणि तो किती काळ राहणार, यांपैकी कशाचेही उत्तर तिकीट काढून सामन्याला येणाऱ्या माणसाला मिळत नव्हते. मालकांच्या पात्रतेची चाचणी प्रीमियर लीगकडे होती, पण तिचा रोख अपात्र ठरवणाऱ्या बाबी तपासण्यावर होता. क्लब चालवण्याची ऐपत तीतून सिद्ध होत नसे.

(परदेशी मालकीचा तो भराचा काळ होता. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने ब्लॅकबर्न रोव्हर्स हा प्रीमियर लीगमधील क्लब विकत घेतला. तेथेही पुढे समर्थक आणि मालक यांच्यात तीव्र संघर्ष झाला, मात्र त्याचे स्वरूप वेगळे होते.)

ब्रिटनच्या कर खात्याने थकबाकीसाठी कंपनी विसर्जित करण्याची याचिका दाखल केली होती. ती टाळण्यासाठी २६ फेब्रुवारी २०१० रोजी क्लबने प्रशासकाचे संरक्षण घेतले. प्रीमियर लीगमध्ये असताना अशी वेळ आलेला तो पहिला क्लब होय. नियमानुसार ९ गुण कापण्यात आले. मार्चमध्ये ८५ कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्यात आले. कार्यालयात आणि मैदानाच्या देखभालीत काम करणारी ही माणसे बहुतांशी शहरातलीच होती, त्यामुळे संकटाचा पहिला घाव घराघरात बसला.

हंगामाअखेर १९ गुणांसह क्लब तळाला राहिला. कापलेले ९ गुण परत मिळवले असते तरी २८ गुणांवर तो तळालाच असता. त्या वर्षीची पदावनती शिक्षेमुळे झाली, असे म्हणता येत नाही. तरीही हाच संघ टॉटनहॅमला उपांत्य फेरीत २–० असे नमवून एफए चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि चेल्सीकडून १–० असा हरला. चेल्सी लीगविजेता असल्याने उपविजेत्याला युरोपीय स्पर्धेत जागा मिळू शकत होती, पण प्रशासकाच्या ताब्यातील क्लबला त्यासाठीचा परवाना मिळाला नाही.

धनको आणि 'फुटबॉल धनको'

प्रशासकाच्या अहवालांतून कर्जाचा आकडा सुमारे १२ कोटी पौंड असल्याचे उघड झाले. धनकोंच्या यादीत मोठे क्लब आणि खेळाडूंचे दलाल होते, तसेच स्थानिक दुकानदार, पुरवठादार आणि सामन्यांच्या वेळी प्रथमोपचाराची सेवा देणारी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही धर्मादाय संस्थाही होती.

या सर्वांना सारखी वागणूक मिळत नव्हती. इंग्लिश फुटबॉलमधील 'फुटबॉल धनको नियमा'नुसार दिवाळखोर क्लबला स्पर्धेत राहायचे असेल, तर इतर क्लबांचे आणि खेळाडूंचे देणे पूर्ण चुकवावे लागते. उरलेल्या विनातारण धनकोंना जे शिल्लक राहील त्यात समाधान मानावे लागते. पोर्टस्मथच्या २०१० च्या तडजोडीत त्यांना पौंडामागे २० पेन्स देऊ केले गेले. सरकारी कराला दिवाळखोरीत मिळणारा अग्रक्रम २००३ मध्ये रद्द झाला होता, त्यामुळे कर खातेही याच रांगेत उभे होते. त्याने तडजोडीला न्यायालयात आव्हान दिले. ऑगस्ट २०१० मध्ये ते फेटाळले गेले. खुद्द नियमालाच कर खात्याने दिलेले आव्हानही मे २०१२ मध्ये उच्च न्यायालयात टिकले नाही. नियमाच्या बाजूने असे सांगितले जाते की, एका क्लबच्या बुडण्याने इतर क्लब ओढले जाऊ नयेत. पण कोट्यवधी पौंड पगार घेणाऱ्या खेळाडूला शंभर टक्के आणि त्याच्या दुखापतीला पट्टी बांधणाऱ्या संस्थेला पाचवा हिस्सा, हा हिशेब समर्थकांनाही पटवून देणे अवघड होते.

दुसरे दिवाळे

ऑक्टोबर २०१० मध्ये क्लब प्रशासनातून बाहेर पडून पुन्हा चैनराय यांच्याकडे गेला. जून २०११ मध्ये व्लादिमीर अँतोनोव्ह यांच्या कन्व्हर्स स्पोर्ट्स इनिशिएटिव्हज या कंपनीने तो घेतला. पाच-सहा महिन्यांतच लिथुएनियाच्या सरकारने अँतोनोव्ह यांच्याशी संबंधित स्नोरास बँक ताब्यात घेतली, त्यांच्याविरुद्ध अटकेचे वॉरंट निघाले आणि नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांची कंपनीच प्रशासकाकडे गेली. १७ फेब्रुवारी २०१२ रोजी क्लबवर दुसऱ्यांदा प्रशासक नेमला गेला. या वेळी ट्रेव्हर बर्च यांच्याकडे काम सोपवण्यात आले.

१० गुण कापले गेले आणि क्लब ४० गुणांवर राहून तिसऱ्या श्रेणीत घसरला. येथे मात्र शिक्षा निर्णायक ठरली. त्या १० गुणांसह पोर्टस्मथचे ५० गुण झाले असते आणि ते वाचले असते. २०१२ च्या उन्हाळ्यात क्लब बंद पडण्याची शक्यता अगदी समोर होती. भरमसाट पगाराचे करार असलेले खेळाडू तडजोड करून गेल्याशिवाय क्लब कोणालाही विकत घेता येण्याजोगा नव्हता. त्यांतील शेवटचा खेळाडू हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर, ऑगस्टमध्ये, बाहेर पडला. मग अकादमीतील मुले आणि अल्पमुदतीच्या करारावर आलेले खेळाडू घेऊन संघ उभा करण्यात आला. आणखी १० गुण कापले गेले. ऑक्टोबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात सलग २३ सामन्यांत विजय मिळाला नाही. चौथ्या श्रेणीत होणारी घसरण मग कोणालाच अनपेक्षित वाटली नाही.

समर्थकांचा प्रस्ताव

पॉम्पी सपोर्टर्स ट्रस्ट हा समर्थकांचा न्यास २००९ पासून संघटित होत होता. आरंभी त्याची मागणी पारदर्शकतेची होती. दुसऱ्या दिवाळ्यानंतर भरवशाचा खरेदीदार दिसेना, तेव्हा न्यासाने स्वतःच क्लब विकत घेण्याचा प्रस्ताव मांडला. एक भाग १,००० पौंडांचा ठेवण्यात आला. भाग कितीही घेतले तरी सभासदाला मत एकच, हे तत्त्व होते. ज्यांना एकट्याने एवढी रक्कम देणे शक्य नव्हते, त्यांनी कुटुंबीय, शेजारी किंवा सामन्याला सोबत जाणारे मित्र मिळून एक भाग घेतला. दोन हजारांहून अधिक भागधारक अशा रीतीने जमले. शहरातील काही सधन समर्थकांनी मोठ्या रकमा घातल्या, एक बांधकाम व्यावसायिक मैदानालगतच्या जमिनीच्या व्यवहारातून सहभागी झाला आणि पोर्टस्मथ नगर परिषदेने १४.५ लाख पौंडांचे कर्ज मंजूर केले. सार्वजनिक पैसा फुटबॉल क्लबला द्यावा काय, यावर शहरात मतभेद होते.

खरा पेच फ्रॅटन पार्कचा होता. मैदान चैनराय यांच्या पोर्टपिन कंपनीकडे तारण होते आणि त्याची किंमत किती धरायची, यावर दोन्ही पक्षांचे आकडे जुळत नव्हते. पोर्टपिनलाही क्लब परत हवा होता. तारण सोडवल्याखेरीज प्रशासकाला क्लब न्यासाला विकता येत नव्हता. प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेले, तारखा पुढे ढकलल्या गेल्या आणि ज्यांनी आपली बचत गुंतवण्याचे वचन दिले होते ते महिनोन् महिने निकालाची वाट पाहत राहिले. १० एप्रिल २०१३ रोजी सुनावणीच्या वेळीच न्यायालयाबाहेर समझोता झाला. पोर्टपिनने ३० लाख पौंडांवर मैदानावरील हक्क सोडला. १९ एप्रिल रोजी खरेदी पूर्ण होऊन इयान मॅकिनिस नव्या मंडळाचे अध्यक्ष झाले.

समर्थकांच्या मालकीचा काळ

क्लब चौथ्या श्रेणीत होता, तरी २०१३-१४ च्या हंगामासाठी १० हजारांहून अधिक हंगामी तिकिटे विकली गेली. त्या श्रेणीत तो विक्रम होता. नव्या मंडळाने खर्च उत्पन्नाच्या मर्यादेत ठेवला. मागील मालकांच्या काळातील खेळाडूंची देणी फेडण्याचे ओझेही फुटबॉल धनको नियमामुळे न्यासावरच आले होते. २०१४ च्या शरद ऋतूत ही देणी मुदतीआधी फिटली आणि क्लब कर्जमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले.

मैदानावरील यश त्या मानाने सावकाश आले. पहिल्या दोन हंगामांत संघ अनुक्रमे १३ व्या आणि १६ व्या स्थानी राहिला आणि व्यवस्थापकही बदलले गेले. समर्थक मालक असले म्हणून हरल्यावर आरडाओरड कमी होत नाही, हेही दिसून आले. पॉल कुक यांच्या मार्गदर्शनाखाली २०१६-१७ मध्ये क्लबने चौथ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले. ६ मे २०१७ रोजी, हंगामाच्या अखेरच्या दिवशी, चेल्टनहॅमला ६–१ असे हरवून तो तक्त्यात अग्रस्थानी गेला.

मालकीचे हस्तांतरण

विजेतेपदाच्याच सुमारास भागधारकांपुढे नवा प्रश्न होता. वॉल्ट डिस्ने कंपनीचे माजी प्रमुख मायकल आइसनर यांच्या टोर्नांटे कंपनीने ५६.७ लाख पौंडांत क्लब घेण्याची आणि आणखी १ कोटी पौंड गुंतवण्याची तयारी दाखवली. विकण्याच्या बाजूने मुख्य मुद्दा फ्रॅटन पार्कचा होता. शतकाहून जुन्या मैदानाच्या दुरुस्तीचा खर्च समर्थकांच्या आवाक्याबाहेर जात होता आणि वरच्या श्रेणीतील पगारांशी स्पर्धा करणेही कठीण होते. विरोधकांचे म्हणणे असे की, एका श्रीमंत मालकाच्या मर्जीवर पुन्हा विसंबण्यासाठी हा लढा दिला नव्हता. मतदानात ८० टक्क्यांहून अधिक कौल विक्रीच्या बाजूने पडला. २००९ च्या विक्रीहून हा व्यवहार एका बाबतीत वेगळा होता: खरेदीदाराला शहरात येऊन भागधारकांसमोर आपली योजना मांडावी लागली आणि नकार देण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. ३ ऑगस्ट २०१७ रोजी मालकी टोर्नांटेकडे गेली. २०२४ मध्ये तिसऱ्या श्रेणीचे विजेतेपद पटकावून क्लब बारा वर्षांनी दुसऱ्या श्रेणीत परतला.

इतर क्लब आणि कायदा

समर्थकांनी क्लब सांभाळण्याची इतर उदाहरणे इंग्लंडमध्ये आहेत. एक्झिटर सिटी २००३ पासून, तर एएफसी विम्बल्डन २००२ मधील स्थापनेपासून समर्थकांच्या हाती आहे. प्रत्येक क्लबला असे जमले नाही. मँचेस्टरजवळील बरी हा १८८५ मध्ये स्थापन झालेला क्लब खरेदीदार मिळण्याची मुदत टळल्यावर २७ ऑगस्ट २०१९ रोजी फुटबॉल लीगमधून काढून टाकण्यात आला. त्यानंतर ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्वतंत्र नियामकाची शिफारस केली आणि २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासन कायदा संमत झाला. नव्या मालकांची आर्थिक क्षमता आणि पैशाचा स्रोत तपासण्याचे अधिकार त्यान्वये या नियामकाला मिळाले आहेत.