आयाक्सचा संघ कुणी फोडला?

२४ मे १९९५. व्हिएन्नात ॲमस्टरडॅमच्या आयाक्सनं बलाढ्य एसी मिलानला १-० हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. गोल १८ वर्षांच्या पॅट्रिक क्लायव्हर्टचा. संघातली त्याच्यासारखी कितीतरी पोरं क्लबनं आपल्याच अकादमीत घडवलेली.

सात महिन्यांच्या आत, १५ डिसेंबरला, युरोपीय न्यायालयाचा निकाल आला. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मनचा करार १९९० मध्येच संपला होता, तरी पैशांसाठी जुन्या क्लबनं त्याला अडकवून ठेवलं होतं. न्यायालय म्हणालं, करार संपला की खेळाडू युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात जायला मोकळा, क्लबला दमडी मागता येणार नाही. या देशांच्या खेळाडूंवरची संख्येची मर्यादाही गेली.

१९९६ ला डेव्हिड्स आणि रायझिगर फुकटात गेले. कुठं? मिलानला! पुढच्या वर्षी क्लायव्हर्टही तिकडंच. ज्यांना हरवलं, त्यांच्याच घरी.

माझ्या मते निकाल योग्यच होता. खेळाडू म्हणजे काय क्लबच्या दावणीचा बैल? पण दावं सुटलं आणि चारा मात्र मोजक्याच गोठ्यांत राहिला. त्यानंतर इंग्लंड, स्पेन, इटली, जर्मनी, फ्रान्सबाहेर हा चषक एकदाच गेला, २००४ मध्ये पोर्तुगालच्या पोर्तोकडे. त्याच उन्हाळ्यात त्यांचा प्रशिक्षक मोरिन्यो गेला, डेको गेला, कार्व्हाल्यो गेला.

खेळाडू घडवणाऱ्या क्लबांना भरपाई द्यायचा नियम फिफानं २००१ मध्ये आणला. पण भरपाईनं हिशेब जुळतो, संघ टिकत नाही. हक्क सगळ्यांना सारखा मिळाला, पैसा नाही. मग फायदा कुणाचा होणार, सांगा बरं?