घरची सुट्टी (भंडारा जिल्हा)

घरची सुट्टी : मुक्कामी प्रवास न करता घरी राहूनच घेतलेली विश्रांती. २००८च्या सुमारास पेट्रोल महागले, मंदी आली आणि अमेरिकेत ‘स्टेकेशन’ या नावाने अशा सुट्टीचा बोलबाला झाला. भंडारा जिल्ह्यात ती त्याआधीपासूनच अंगवळणी पडलेली आहे. येथे तिचे दोन हंगाम आहेत. मे-जूनमध्ये ऊन माणसाला घराबाहेर पडू देत नाही. दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, पाहुणेच घरी येतात, मग दूरच्या प्रवासाचा प्रश्नच उरत नाही.

उन्हाळा : पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा सुरू होतो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. अगदीच निघावे लागले तर डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा, ही ऊन लागू नये म्हणूनची जुनी तजवीज. उर्वरित महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यावर भरतात, विदर्भातील बहुधा जूनच्या अखेरीस. त्यामुळे मुलांची सुट्टीही लांबते.

या सुट्टीचा खरा आधार कूलर. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवलेल्या पत्र्याच्या पेटीला तीन बाजूंनी लाकडाच्या बारीक तंतूंची किंवा खसाची ताटी असते. पंप त्यावर पाणी सोडतो, पंखा ओल्या ताटीतून हवा ओढतो आणि बाष्पीभवनामुळे ती गार होते. हवा कोरडी असेतोवरच हे जमते. मृगाचा पाऊस पडला की तोच कूलर घर चिकट करून सोडतो. दुपारभर दारे-खिडक्या लावून त्याच्यासमोर पत्ते, झोप आणि कैरीचे पन्हे असा कार्यक्रम चालतो. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडायचे आणि रात्री बाजा बाहेर काढायच्या.

जेवणात आंब्याचा रस आणि सरगुंडे. कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळून, सोडवून, उन्हात वाळवलेले सरगुंडे उकळत्या पाण्यात शिजवून रसाबरोबर वाढतात. पाहुण्यांना ताटात ते झटपट मिळतात. करणाऱ्या बायकांचे मात्र सकाळचे कितीतरी तास त्यात जातात. कुरड्या, पापड, शेवया याच दिवसांतल्या. घरातल्या बाकीच्यांची सुट्टी असते तेव्हा वाळवणापाशी बसलेल्या बाईचा कामाचा हंगाम चालू असतो.

कोणाच्या वाट्याला नाही : ही सुट्टी मुख्यतः नोकरदार आणि शाळकरी घरांची. जंगलालगतच्या गावांत मार्च-एप्रिलची पहाट मोहफुले वेचण्यात आणि मे महिना तेंदूपत्ता तोडण्यात जातो. पाण्याची सोय असलेल्या शिवारात उन्हाळी धान याच सुमारास कापणीला येतो. खरिपाचे परे (धानाची रोपे) जूनमध्ये टाकले की रोवणीपर्यंत उसंत नसते.

मंडई : शेतकऱ्याला मोकळीक मिळते ती खरिपाचा धान हाती येऊ लागल्यावर. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन, म्हणजे गाईंची पूजा, आणि भाऊबीजेपासून मंडया. शेजारची गावे आपापल्या मंडईचे दिवस वेगवेगळे धरतात, म्हणून आज यजमान असलेले घर उद्या पाहुणे होते. लेकी माहेरी येतात, घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. बाजारात जिलेबी, मुरमुरे, खेळणी आणि तलावातले शिंगाडे. हे शिंगाडे ज्या तलावांतून येतात त्यांतले बरेचसे माजी मालगुजारी, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’; कोहळी समाजाच्या पाणी-कौशल्यासाठी ते ओळखले जातात.

रात्री दंडार, खडी गंमत ही लोकनाट्ये किंवा नाटक. पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीच्या अनेक मंडळ्यांचे केंद्र शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) असले, तरी त्यांचे प्रेक्षक भंडारा, गोंदिया, चंद्रपुरातही आहेत. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि प्रयोग पहाटेपर्यंत रंगतो. दुसरा दिवस झोपेचा. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. नाटकांचा हा हंगाम होळीच्या आसपास संपतो.

एका दिवसाची भटकंती : सकाळी डबा घेऊन निघायचे आणि दिवेलागणीला परतायचे, हीदेखील घरच्याच सुट्टीत मोडते. भंडारा शहराजवळचे रावणवाडी धरण, २०१३ मध्ये घोषित झालेले कोका अभयारण्य आणि तुमसर तालुक्यातील अंबागड, गायमुख व चांदपूर ही नेहमीची ठिकाणे. पवनीही त्यांतलेच; तेथे १९६९-७०च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष सापडले. नागझिऱ्याचे जंगल १९९९ मध्ये जिल्हा विभागला तेव्हा गोंदियाकडे गेले. भंडारेकरांच्या सहलींत ते अजून आहेच.

बदल : २०२०च्या टाळेबंदीत सगळेच घरी होते, पण ना पाहुणे ना मंडई, त्या काळाला कोणी सुट्टी म्हणत नाही. शहरातल्या फ्लॅटांत अंगण नाही आणि एसी आल्यापासून खसाच्या ताटीचीही गरज कमी झाली आहे. शिक्षण-नोकरीसाठी नागपूर-पुण्यात गेलेल्यांना मात्र घरच्या सुट्टीसाठी आधी प्रवास करावा लागतो. पुण्याहून येणाऱ्यांना कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर उतरवते.