एका काचेतले रंग

हिंगोलीत घरी फायबरचे कनेक्शन घेतले की भिंतीवरच्या डबीपासून मोडेमपर्यंत केसाएवढ्या काचेची वायर येते. काच एकच, पण घरात येणारा प्रकाश बहुधा १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो आणि बाहेर जाणारा १३१० चा. दोघांना वेगळा रंग दिला म्हणून ते एकमेकांत मिसळत नाहीत.

ही वाटणी काचेहून जुनी आहे. १८७० च्या दशकात ग्रॅहम बेल तारेवरून वेगवेगळ्या सुरांत एकाच वेळी अनेक तारसंदेश पाठवू पाहत होता. त्याच खटपटीतून पुढे टेलिफोन निघाला. सूर वाटून घ्यायची कल्पना मात्र टिकली. काच आली फार नंतर. शुद्ध काचेत एक किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश उरला तरी दूरसंचाराला पुरेल, असे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडले. १९७० मध्ये कॉर्निंगने तशी काच काढली. पुण्यात १९७९ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजांना जोडणारी भारतातली पहिली फायबर यंत्रणा सुरू झाली.

एका काचेत रंगांची खरी गर्दी १९८७ नंतरची. अर्बियम मिसळलेली काच १५५० नॅनोमीटरच्या आसपासचे सगळे रंग एकदमच उजळवते, हे त्या वर्षी दिसले. वाटेत मंदावलेला प्रत्येक रंग पुन्हा उजळवायला वेगळे यंत्र लागेना. मग रंगांना ठरलेल्या जागा आल्या: १९३.१ टेराहर्ट्झ हा मूळ खुंटा, आणि तिथून दोन्ही बाजूंना ५० किंवा १०० गिगाहर्ट्झच्या अंतरावर एकेक रंग.

कोणता रंग कोणाला द्यायचा, हा प्रश्न रेल्वेच्या रिझर्व्हेशनसारखा आहे. पूर्णा ते वसमत एक प्रवासी, हिंगोली ते वाशिम दुसरा, पूर्णा ते वाशिम तिसरा. पहिल्या दोघांना वेगवेगळी सीट दिली तर तिसऱ्यासाठी तिसरी लागते. दोघांना एकच दिली तर दोन सीटांत काम भागते. प्रकाशालाही वाटेत सहसा सीट बदलता येत नाही. रंग बदलणारे यंत्र महाग पडते. म्हणून इंजिनिअर रंगांना क्रमांक देतात आणि मोकळा असलेला सर्वांत लहान क्रमांक आधी वापरतात. सगळी मागणी आधी माहीत असेल आणि ती सुरुवातीच्या स्टेशनाच्या क्रमाने घेतली, तर सरळ मार्गावर सर्वांत गर्दीच्या टप्प्यात जितके प्रवासी, तितकेच रंग पुरतात.

कड्यात मात्र हे गणित फसते. कागदावर हिंगोली, औंढा, वसमत असा त्रिकोण काढा. एक संदेश हिंगोलीहून औंढ्यामार्गे वसमतला, दुसरा औंढ्याहून वसमतमार्गे हिंगोलीला, तिसरा वसमतहून हिंगोलीमार्गे औंढ्याला. प्रत्येक बाजूवर दोनच संदेश, तरी रंग तीन लागतात, कारण कोणतेही दोन संदेश कुठेतरी एकत्र येतातच. १८५२ मध्ये फ्रान्सिस गथ्री इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवताना चार रंग पुरतील का, असे विचारत होता. शेजाऱ्यांना वेगळे रंग द्यायचा तोच हा प्रश्न. जाळे मोठे झाले की याचे सर्वांत काटकसरीचे उत्तर संगणकालाही झटपट सापडत नाही. बरे उत्तर घेऊन पुढे जावे लागते.

तरीही कडेच करावे. रस्त्याच्या कामात जेसीबीने एक बाजू तोडली तर सरळ मार्गावरची पुढची गावे बंद पडतात. कड्यात संदेश उलट्या बाजूने फिरवता येतो. जिल्ह्यासाठी जाळे आखताना तो तिसरा रंग राखून ठेवावा. त्याला मी उधळपट्टी म्हणणार नाही.