संकेतस्थळांची 'कॅश' आणि सदस्याची ओळख

संकेतस्थळावर सदस्याने प्रवेश केला, की प्रत्येक पानाच्या माथ्यावर त्याचे नाव व छायाचित्र दिसू लागते. ही माहिती मूळ डेटाबेसमध्ये असते. सदस्याने दहा पाने उघडली, तर तीच माहिती दहा वेळा मागितली जाते. सदस्यसंख्या लाखांच्या घरात गेली, की डेटाबेसवरील हा भार असह्य होतो. म्हणून वारंवार लागणाऱ्या माहितीची प्रत सर्व्हरच्या जलद मेमरीत तात्पुरती ठेवतात. या साठ्याला 'कॅश' म्हणतात. गल्ल्यातील रोकड आणि ही कॅश यांचा मराठीतील उच्चार एकच असला, तरी दोहोंचा संबंध नाही. संगणकातील या शब्दाचे मूळ 'लपविणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदात आहे.

'लाइव्हजर्नल' या ब्लॉगच्या संकेतस्थळासाठी ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये 'मेमकॅश्ड' ही प्रणाली निर्माण केली. पुढे फेसबुकनेही तिचा मोठ्या प्रमाणावर अवलंब केला. २००९ मध्ये साल्वातोरे सानफिलिप्पो यांची 'रेडिस' आली. दोन्हींत प्रत्येक नोंद एका 'की'खाली, म्हणजे ठरावीक नावाखाली ठेवली जाते.

प्रोग्राम प्रथम कॅशमध्ये शोधतो. तेथे नोंद नसल्यास डेटाबेसमधून आणतो आणि तिची प्रत ठरावीक मुदतीसाठी कॅशमध्ये ठेवतो. येथवर सारे सोपे आहे. अडचण उद्भवते ती सदस्याने आपले नाव बदलल्यावर. डेटाबेसमध्ये नवे नाव आणि कॅशमध्ये जुने, अशी स्थिती होते. अशा वेळी कॅशमध्ये नवे नाव लिहिण्याचा मोह होतो; परंतु दोन बदल जवळजवळ एकाच वेळी आले, तर त्यांचा क्रम उलटून जुनीच नोंद शिल्लक राहू शकते. त्यापेक्षा आधी डेटाबेस बदलावा आणि मग कॅशमधील नोंद पुसून टाकावी, हे बरे. पुढची मागणी ती आपोआप भरून घेते. हा उपायही निर्दोष नाही. बदलापूर्वी जुने नाव वाचून घेतलेली एखादी प्रक्रिया रेंगाळली, तर पुसण्यानंतर ती तेच नाव पुन्हा कॅशमध्ये ठेवते. ही फट बुजविण्यासाठी योजलेल्या 'लीज' पद्धतीचे वर्णन फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३ च्या शोधनिबंधात केले आहे. लहान संकेतस्थळांना बहुधा काही मिनिटांची मुदत पुरते.

कॅश वाचण्याची आणि पुसण्याची आज्ञा प्रोग्राममध्ये जागोजागी विखुरलेली असणे, हे बहुतेक गोंधळांचे मूळ असते. पत्ता बदलणाऱ्या पानाने नोंद पुसली, छायाचित्र बदलणारे पान मात्र विसरले, असे हमखास घडते. प्रोफाइल वाचणे, बदलणे व पुसणे हे सारे एकाच मॉड्यूलकडे सोपवावे. इतर पानांना कॅश आहे की नाही, याचा पत्ताही नसावा. 'की'मध्ये सदस्य क्रमांकाबरोबर नोंदीच्या रचनेचा आवृत्ती क्रमांकही असावा, म्हणजे रचना बदलल्यावर जुन्या नोंदी आपसूक बाद होतात. पासवर्डसंबंधीची कोणतीही माहिती या नोंदीत घालू नये. खाते बंद केल्याची खूणही कॅशवर विसंबून तपासू नये; अन्यथा हकालपट्टी झालेला सदस्य मुदत संपेपर्यंत आत वावरत राहतो.

शिळी माहिती दिसणे हा त्रास असतो. दुसऱ्याची माहिती दिसणे ही आपत्ती ठरते. २५ डिसेंबर २०१५ रोजी 'स्टीम' या व्हिडिओ गेमविक्रीच्या संकेतस्थळावर हल्ला झाला. तो थोपविताना कॅशची चुकीची मांडणी लागू झाली आणि प्रवेश केलेल्या ग्राहकांसाठी तयार झालेली पाने भलत्यांनाच दिसू लागली. व्हॉल्व्ह कंपनीच्या निवेदनानुसार सुमारे ३४ हजार ग्राहकांची पाने यात सापडली. काही पानांवर बिलाचा पत्ता, ई-मेल आणि खरेदीचा तपशील होता. ही कॅश वाटेवरच्या सर्व्हरवरील होती. त्यामुळे वैयक्तिक पानाबरोबर 'हे साठवू नये' अशी सूचना हेडरमध्ये पाठवावीच लागते. आणि वाटेवरच्या सर्व्हरची मांडणी तिला डावलत नाही ना, हेही तपासावे लागते.

२० मार्च २०२३ च्या 'चॅटजीपीटी'च्या घटनेत दोष रेडिसशी जोडणाऱ्या लायब्ररीत होता. मागणी अर्ध्यावर रद्द झाली, की तिचे उत्तर त्याच जोडणीवरील पुढच्या मागणीच्या पदरात पडे. काहींना इतरांच्या संभाषणांची शीर्षके दिसली. सशुल्क सदस्यांपैकी नऊ तासांच्या एका कालावधीत सक्रिय असलेल्या १.२ टक्के जणांची देयकाशी संबंधित माहिती उघड झाली असण्याची शक्यता ओपनएआयने मान्य केली. दुरुस्तीबरोबरच कंपनीने एक जादा तपासणी जोडली : कॅशमधून आलेली माहिती मागणाऱ्या सदस्याचीच आहे ना, हे पडताळणे. त्यासाठी नोंदीच्या आतही सदस्य क्रमांक लिहून ठेवणे आणि तो जुळला नाही, तर नोंद टाकून थेट डेटाबेसकडे जाणे, एवढे लहान संकेतस्थळालाही सहज जमते.