कोठडीत गाणारा विणकर

कोठडीत एकट्याला डांबल्यावर कवीनं काय करावं? अलेक्झांडर रॉजरनं गाणी म्हटली. स्वतःचीच, सरकारच्या विरोधातली, जेलरचं डोकं उठेल एवढ्या मोठ्यानं. साल १८२०, शहर ग्लासगो, मुलूख स्कॉटलंड.

सँडी म्हणायचे त्याला. जन्म १७८४ चा. पोरवयात एडिनबरोला चांदीकाम शिकत होता. बापाचा धंदा बुडाला नि तो देश सोडून गेला. मग पोरगं ग्लासगोला नातलगांकडं आलं आणि हातमागावर बसलं. पुढं लग्न, पोरंबाळं. मागाच्या जोडीला गाणं शिकवायचा. लिहायचा तो आपल्या लोकांच्या स्कॉट बोलीत.

नेपोलियनची लढाई १८१५ ला संपली आणि विणकराची मजुरी घसरतच गेली. मताचा हक्क तर नव्हताच. १८१९ मध्ये 'स्पिरिट ऑफ द युनियन' हे पत्र निघालं तसा रॉजर माग सोडून तिथं गेला. सरकारनं ते बंद पाडलं, संपादक गिल्बर्ट मॅक्लाउडला पार ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर धाडलं. रॉजर परत मागावर. एप्रिल १८२० मध्ये ग्लासगोच्या भिंतींवर जाहीरनामा लागला, काम बंद करा. साठ हजारांच्या आसपास कामगार थांबले. आठवड्याभरात बंड चिरडलं गेलं. जेम्स विल्सन, साठीच्या घरातला विणकर, फासावर गेला. बेअर्ड आणि हार्डीही गेले, तेही विणकरच. रॉजर संशयित म्हणून आत.

सुटल्यावर १८२१ ला त्याला बॅरोफील्डच्या कापड-छपाई कारखान्यात नोकरी मिळाली. कापड तपासणीसाची.

इथं मी पुस्तक मिटलं. मी सूतगिरणीत आहे. तोंड उघडणाऱ्याला गप्प करायचे आमच्याकडं दोन रस्ते. बाहेर काढायचं, नाहीतर जरा बरी जागा द्यायची. दुसरा रस्ता जास्त चालतो. दिवाळीच्या आधी मलाही बोलावलं होतं. लिहायचं काम देतो, पंख्याखाली बसशील, फक्त गेटवर कविता वाचणं बंद कर. मी हो म्हटलं नाही, नाहीपण म्हटलं नाही. घरी म्हातारी आहे.

म्हणून पुढची पानं जरा भीतभीतच उलटली. सँडी विकला गेला का?

१८२२ ला राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला. सगळी सरबराई सर वॉल्टर स्कॉटची, स्वागताचं गाणंही त्याचंच. तपासणीसाच्या नोकरीत बसून रॉजरनं त्या गाण्याचं विडंबन केलं. ते लंडनच्या 'एक्झामिनर'मध्ये छापून आलं आणि एवढा मोठा स्कॉट चिडला.

याच काळात थॉमस हार्वी नावाच्या दारूभट्टीवाल्या जमीनदारानं क्लाइड नदीकाठच्या पायवाटेवर भिंत घातली. १८२३ मध्ये विणकर नि खाणकामगार गेले आणि भिंत पाडून आले. घोडदळ आलं, लोक तुरुंगात गेले. मग वाटेसाठी खटला चालला, लंडनच्या लॉर्डांच्या सभागृहापर्यंत. १८२८ मध्ये वाट लोकांची ठरली. या भांडणात रॉजर लोकांकडून होता. तुम्हाला महाड आठवलं असेल, मलाही आठवलं. पण तिथं आडवी आली ती जमिनीची मालकी. कुणाच्या पावलानं नदी बाटत नव्हती. हा फरक विसरून चालणार नाही.

तपासणीस म्हणून अकरा वर्षं काढली. मग थोडे दिवस मित्राच्या गहाणवटीच्या दुकानात, ते काही मानवलं नाही. पुढं 'क्रॉनिकल'मध्ये मुद्रितं तपासणं आणि गावच्या बातम्या, मग 'लिबरेटर', ते बुडालं तेव्हा 'रिफॉर्मर्स गॅझेट', मरेपर्यंत. १८३६ मध्ये शहरातल्या दोनेकशे लोकांनी त्याला जेवण दिलं, सोन्याच्या नाण्यांनी भरलेली चांदीची डबी दिली. त्यात त्याच्या राजकारणाच्या उलट मताचेही होते. मला हे खटकतं. पण मरेस्तोवर त्यानं सुधारणावाल्यांचं पत्र सोडलं नाही, हेही आहे. १८४६ च्या सप्टेंबरात गेला.

परवा पगाराच्या दिवशी साहेबानं परत विचारलं. मी म्हटलं, काम घेतो, गेटवरचं वाचन सुटणार नाही. त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही.